गाडीची विचारपूस : घाट चढताना तापणारी मारुती

पाऊस ओसरला की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. जूनमध्ये वायपर आणि बॅटरी असते, आता गंज, ओलावा आणि तापणारं इंजिन. या अंकात चार पत्रं घेतलीत. पहिल्याला जागा जास्त दिलीय, कारण त्यात मोठा खर्च अडकलाय आणि असली तक्रार घेऊन बेळगाव-खानापूर भागातले पुष्कळ जण येतात.

*मेस्त्री, माझी २००३ ची मारुती ८०० आहे, एमपीएफआय. गावात, खानापूरला, बेळगावच्या बाजारात काहीही त्रास नाही. पण साखळीहून परत येताना चोर्ला घाट लागला की काटा वर सरकतो. कणकुंबी यायच्या आत थांबून गाडी थंड करावी लागते. रेडिएटरमध्ये घरच्या बोअरचं पाणी घालतो. गॅरेजवाला म्हणतो, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलूया की." खोलू का? — निवृत्त शिक्षक, नंदगड*

गुरुजी, अजून खोलू नका. अर्धं निदान तुमच्या पत्रातच आहे.

गाडी कुठं तापते, हे आधी बघायचं. खडे बाजारात गर्दीत उभी असताना तापली आणि हायवेला लागल्यावर काटा खाली आला, तर संशय पंख्यावर. ८०० चा पंखा विजेवर चालतो, त्यामुळे त्याचा थर्मोस्विच, रिले, मोटर तपासायची. तुमचं उलट आहे. उभ्या गाडीला त्रास नाही, जोर लागला की तापते. म्हणजे इंजिन जेवढी उष्णता तयार करतं, तेवढी बाहेर टाकणं रेडिएटरला झेपत नाही. आणि बोअरच्या पाण्याचं तुम्ही लिहिलंय, तिथंच माझं लक्ष गेलं.

बोअरच्या पाण्यातला क्षार गरम धातूवर बसतो, बंबाच्या आत बसतो तसाच. रेडिएटरच्या नळ्या मुळात अरुंद. त्यातल्या काही बुजल्या तरी सपाट रस्त्यावर उरलेल्या नळ्या काम भागवतात, घाटात भागत नाही. सकाळी गार इंजिनावर झाकण काढा आणि तोंडाच्या आत बोट फिरवा. पांढरट खर किंवा तांबूस गाळ हाताला लागला, तर आतल्या नळ्यांची कल्पना येईल. मग गाडी चालवून गरम करा, बंद करा, बॅटरीची एक तार सोडा (नाहीतर पंखा अचानक फिरायचा), आणि रेडिएटरच्या जाळीवर हात फिरवून बघा. मध्येच गार पट्टे लागले, तर तिथल्या नळ्यांतून पाणी फिरत नाही. बाहेरूनही बघा. आपल्याकडची लाल माती पावसात उडून पातळ पत्र्यांमध्ये बसते आणि वाळली की घट्ट होते. ती आतून बाहेर, इंजिनाच्या बाजूनं, हलक्या धारेनं धुवा. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पत्रे वाकतात.

रेडिएटर जुना तांब्या-पितळेचा असेल तर टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफ करणं) करून घेता येतं. नंतर बदललेला, ॲल्युमिनियमचा आणि प्लॅस्टिक टाकीचा असेल तर रॉडिंगच्या नादी लागू नका, सरळ नवा घाला.

मग झाकण. एवढ्याशा वस्तूकडे कुणी बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. झाकणाची स्प्रिंग पाण्याला दाबाखाली ठेवते. साधारण ०.९ किलोचा दाब टिकला तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक होऊन दाब निसटला की १०० लाच उकळी. झाकणाचं रबर नखानं दाबून बघा. चिरलं असेल, दगडासारखं झालं असेल तर बदला. आणि गरम इंजिनावर झाकण कधीही, फडकं धरूनसुद्धा, उघडायचं नाही. घाटात थांबलात तर बॉनेट उघडा आणि वाट बघा.

पाण्याचा पंप पट्ट्यावर फिरतो. पट्टा ढिला असेल तर जोर लागल्यावर घसरतो, म्हणून ताण तपासा. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून दोऱ्यानं पातेल्यातल्या पाण्यात टांगा आणि गॅसवर ठेवा. त्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं. त्या सुमाराला तो हलायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. अडकत असेल तर नवा घाला. "काढूनच टाकूया, गार राहील" असं सांगणारे भेटतील, ऐकू नका. थर्मोस्टॅट नसेल तर एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हिशेबानं पेट्रोल सोडणारं) इंजिन गरम व्हायलाच वेळ लावतं, तोवर कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि इंजिनाची झीजही वाढते.

आता गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड (वरचा भाग) आणि खालचा ब्लॉक यांच्यातली सांध बंद करणारा पातळ थर. गेलं असेल तर ते दिसतं. गार इंजिन झाकण काढून चालू करा. इंजिन तापायच्या आधीच रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडे येत राहिले, ते थांबतच नाहीत, तर जळालेला वायू पाण्यात शिरतोय. पाणी कुठं गळताना दिसत नाही पण रोज कमी होतंय, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, तीनपैकी एकच प्लग इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ आहे, या खुणाही बघा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला म्हणून मात्र घाबरू नका. पावसाळ्यात गाडी गावातल्या गावात फिरली की दमटपणामुळे तो तिथं जमतो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल, तर गोष्ट वेगळी.

यातलं काही सापडलं तर खुशाल खोला. पण हेड उतरल्यावर गॅरेजमध्ये उभं राहा आणि हेडवर सरळपट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालायला सांगा. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर हेड वाकलंय. ते घासून घ्यायचं काम उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये होतं. बेळगावात फाउंड्री आणि मशीनिंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, हात चांगले आहेत. नुसतं नवं गॅस्केट टाकून वाकडं हेड बसवलं, तर ते पुन्हा जाणार.

आणि बोअरचं पाणी आजपासून बंद. आधी रेडिएटर आतून धुवून घ्या, मग डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं.

*काका, आमची ऑल्टो कणकुंबीत उघड्यावरच असते. ड्रायव्हरच्या पायाखाली मॅट कायम ओली, आणि आता पत्र्याला भोक दिसूलंय. डांबरी कोटिंग मारून घेऊ का? — कणकुंबीचा वाचक*

कोटिंग आत्ता मारलंस तर ओल आत कोंडशील आणि गंज तुला न दिसता पत्रा खात बसेल. आधी पाणी येतंय कुठून ते शोध. मॅट आणि खालचं फेल्ट पूर्ण बाहेर काढ, उन्हात टाक. मग एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून पाइपानं पाणी सोडायचं, खालून वर, एकेका जागी. आधी दार, मग काचेच्या खालची जाळी, मग पुढच्या काचेचं रबर. तुमच्या भागात त्या जाळीखाली झाडाचा पाला साठतो, पाणी जायची वाट बंद होते आणि ते डॅशबोर्डच्या आतून खाली उतरतं. दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, तीही तारेनं मोकळी कर.

नंतर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं तळ ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. भदभद आवाज आला तर तिथं टोकानं दाबून बघ. फ्लोअरला भोक पडलं असेल तर सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड होतो, त्यात काही अवघड नाही. पण गंज पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या बैठकीला किंवा लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) जिथं बसतो तिथं पोचला असेल, तर ते काम होईपर्यंत गाडी चोर्ल्याला नेऊ नकोस. तिथं पत्रा सुटला तर चाकच ताब्यात राहत नाही. सगळं कोरडं, घासलेलं, प्रायमर मारलेलं झालं की मग कोटिंग. ते दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत कर.

*माझी ८०० १९९६ ची, कार्ब्युरेटरची. आठवडाभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारून बॅटरी दमते, आणि बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास. इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून होतंय असं वाटतं. — ऊस शेतकरी, संकेश्वर*

दादा, तुमच्या शेतातला ऊसच आता पेट्रोलमध्ये येतोय, म्हणून तुम्हाला हे नीट सांगायला हवं. तुमची गाडी २० टक्के इथेनॉल धरून बनवलेली नाही. जुन्या रबराला ते मानवत नाही, नळ्या फुगतात किंवा चिरतात. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना मळ सोडवतं आणि ओलावा ओढून घेतं. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरणार, ते गाडीचं दुखणं नव्हे.

वास मात्र दुखणं आहे, आणि तेही आगीचं. तो सापडेपर्यंत गाडी चालू करू नका. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या बदला, इथेनॉलला चालणारी नळी मागून घ्या, क्लिपाही नव्या. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) तपासा. तो फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकचा वास घेऊन बघा. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर पंपाबरोबर ऑइलही बदलायचं. कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल पुरेसं भरलं की वाट बंद करणारी सुई) नीट बसत नसेल तरी तिथून गळतं. फिल्टर बदला आणि एक जादा जवळ ठेवा, कारण सुटलेला मळ पहिल्यांदा तिथंच येतो. गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. रिकाम्या जागेत दमट हवा राहते आणि टाकी आतून गंजते.

*मेस्त्रीकाका, कागलच्या भावाची एमएच-०९ झेन मी निपाणीत वापरायला घेतेय. फार चाललेली नाही, टायरसुद्धा नव्यासारखे आहेत. आणखी काय बघू? — वाचक भगिनी, निपाणी*

ताई, आधी आरसी बघा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी होऊन ५ वर्षांसाठी वाढते. ती मुदत संपली असेल तर आधी भावाला कोल्हापूरला वाढवून घ्यायला सांगा. गाडी कोगनोळीच्या अलीकडे, म्हणजे कर्नाटकात, १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूरची एनओसी लागते, फॉर्म २८. इथला रोड टॅक्स भरावा लागेल, तोही हिशेबात धरा.

टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. तसं निघालं तर नक्षी कितीही खोल असली तरी रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर धरत नाही. पाचही टायर बघा, स्टेपनी धरून. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती भावाकडे नसेल तर तो बदललाच नाही असं समजा आणि गाडी निपाणीला आणायच्या आधी तिकडेच घालून घ्या. ब्रेक ऑइलही त्याच वेळी पूर्ण बदला.