पूजापाठ न करणारा माणूस आध्यात्मिक असू शकतो का?

तुम्ही विचारलंय, 'मी देवपूजा करत नाही, उपास धरत नाही, पण आपण कोण, कशासाठी आलो हे विचार डोक्यातून जात नाहीत. मला आध्यात्मिक म्हणता येईल का?'

माझ्या मते नक्की येईल. पूजेला माझा विरोध नाही, आमच्या घरी रोज होते. पण पूजा केली की माणूस आध्यात्मिक झाला, हे नाशिककर म्हणून मला मान्यच होत नाही. 2 मार्च 1930 ला इथल्या काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. सोवळंओवळं ज्यांना तोंडपाठ, त्यांनीच माणसांसाठी रामाचं दार बंद ठेवलं. याला मी अध्यात्म म्हणणार नाही.

मला आठवतात ते आमच्या गल्लीतले अण्णा, एसटीतून रिटायर झालेले. गळ्यात माळ नाही, प्रवचनाला जात नाहीत. पण कुणाचाही दहावा असो, अण्णा गंगेवर हजर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो). पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घरच्यांचा जीव कसा कासावीस होतो, तुम्हीही पाहिलं असेल. एकदा थोरला मुलगा हात जोडून कबूल करत होता, 'आईला सांभाळीन, धाकट्याचं शिक्षण पुरं करीन.' कावळा काही येईना. लोक घड्याळं बघायला लागले. अण्णा भर उन्हात त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, कावळा शिवेपर्यंत. पुढे त्या माउलीच्या पेन्शनसाठी खेटेही त्यांनीच घातले. मी विषय काढला तर म्हणाले, 'मी काय केलं? आज त्यांच्यावर वेळ आली, उद्या आपल्यावर.'

तुम्ही म्हणाल, हा तर नुसता चांगला माणूस झाला. पण चांगल्या माणसाला आपण केलेली मदत लक्षात राहते, राहावी असंही वाटतं. अण्णांचं तसं नाही. मरण इतक्यांदा जवळून पाहिल्यावर 'मी केलं' हे त्यांच्या मनातून गळूनच गेलंय. हा 'मी' सैल होणं, मला वाटतं, अध्यात्म तेवढंच आहे. कुणी उलट बोललं तर पूर्वीपेक्षा राग लवकर निवळतो का, यावरून तुमचं तुम्हालाच कळेल.

काही करून बघायचंच असेल तर इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचं 10 दिवसांचं शिबिर असतं. मौन पाळावं लागतं, फी नाही, सगळं दानावर चालतं. नामात मन रमत असेल तर पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते, एखाद्या दिंडीबरोबर चालून बघा.