जामीन झालाय, तरी भाऊ आतच: दागिने गहाण टाकण्याआधी हे वाचा

ताई, आधी सरळ उत्तर देते. दागिने आत्ता गहाण टाकू नका, आणि कोर्टाबाहेर भेटलेल्या त्या माणसाला ८ हजार तर मुळीच देऊ नका.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात हकीगत. ताईंचा धाकटा भाऊ मुंबईकडे सेंटरिंगच्या कामाला होता. चोरीच्या गुन्ह्यात अटक झाली. २५ हजारांचा जामीन मंजूर झाला, पण एक जामीनदार द्यायचा आहे. बीडकडे शेती असलेले चुलते उभे राहायला तयार आहेत, तर "इथला माणूस आणा" म्हणून त्यांना परत पाठवलं. याला तीन आठवडे झाले. कोर्टाबाहेर एकजण ८ हजारांत जामीनदार उभा करतो म्हणाला आणि ताई दागिने गहाण टाकायचा विचार करतायत. वकील दर तारखेला पैसे मागतात, भाऊ आतून कॅन्टीनसाठी मागतो, वहिनी दोन मुलांना घेऊन माहेरी गेली आणि सावकाराचं व्याज चालू झालं. ताईंचा शेवटचा प्रश्न असा, की आमच्यासारख्यांनी आवाज उठवायचा तरी कुठं?

मी विधी सेवा प्राधिकरणाची (गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) पॅरालीगल, म्हणजे वकील नसलेली मदतनीस स्वयंसेवक म्हणून बरीच वर्षं तुरुंग आणि कोर्ट यांच्यात ये-जा करते. तिथं येणारी बहुतेक घरं आपली गरिबी लपवतात. लाज असते, त्यात तुरुंगाची बदनामी. वकिलासमोर "पैशाचं बघतो आम्ही साहेब" म्हणायचं आणि बाहेर येऊन शेळी विकायची. पण कायद्यानं गरीब कैद्यासाठी ठेवलेली जवळजवळ प्रत्येक सवलत, घरची परिस्थिती कागदावर आल्याशिवाय हलत नाही. न्यायाधीशांसमोर फाईल असते, घर नसतं. तुम्ही आवाज कुठं उठवायचा विचारताय ना, पहिली जागा तीच फाईल आहे.

आता जामीनदाराचं. 'इथलाच माणूस' हा आग्रह फार जुना आहे आणि त्याला सर्वोच्च न्यायालयानं दिलेलं उत्तरही जुनं आहे. १९७८ सालच्या मोतीराम खटल्यात मध्य प्रदेशातला एक गवंडी होता. त्याच्याकडे १० हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते खोडून काढलं आणि त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतः लिहून दिलेल्या हमीवर, सोडायला सांगितलं. त्याला इतकी वर्षं उलटूनही चुलत्यांना परत पाठवलं जातं, म्हणून ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा लेखी निर्देश दिले. स्थानिक जामीनदाराचा हट्ट हे सुटका अडण्याचं एक कारण आहे आणि अशा प्रकरणांत ती अट घालू नये, असं त्यात आहे. त्याच निर्देशांत आणखी तीन गोष्टी आहेत, त्या तुमच्या कामाच्या. जामिनाची ऑर्डर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं तुरुंगात गेली पाहिजे. ऑर्डर होऊन ७ दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंगाच्या अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवलं पाहिजे, म्हणजे ते पॅरालीगलला किंवा तुरुंगभेटीच्या वकिलाला कैद्याकडे पाठवू शकतात. आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्ट आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. तुमचे तीन आठवडे झालेत, म्हणजे सचिवांना कळवण्याची मुदत कधीच उलटली. कळवलंय का, हे लेखी विचारा.

हे सगळं आपोआप होतं असं समजू नका. व्हायला पाहिजे, पण तुरुंगात माणसं दाटीवाटीनं आणि कारकून थोडे. २०२२ अखेर देशात ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. या गर्दीत तुमच्या भावाची फाईल वर यायची तर कुणीतरी ती वर काढावी लागते.

म्हणून पहिलं काम. ज्या कोर्टात केस आहे तिथल्या जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा. प्रवासाचे पैसे नसतील तर आधी १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ बघा, त्यात कोठडीतला माणूस वेगळा लिहिलाय आणि स्त्रीही वेगळी, म्हणजे तुम्ही स्वतःही पात्र आहात. एक अडचण सांगून ठेवते. खासगी वकिलांचं वकीलपत्र फाईलवर असेल तर सरकारी खर्चाचा वकील शक्यतो लगेच हात घालत नाही. त्यांच्याकडून नाहरकत घ्या. बाकी राहिलेल्या फीवरून ते कुरकुरतील, पण बदल थांबवता येत नाही. मोफत वकील म्हणजे नवखा, कामचुकार, ही समजूत मात्र सरसकट खरी नाही. २०२२ पासून बऱ्याच जिल्ह्यांत पूर्णवेळ लीगल एड डिफेन्स कौन्सिल, म्हणजे मोफत बचावाचे वकील, नेमलेत आणि त्यांच्यातले काही जण तुमच्या आत्ताच्या वकिलांपेक्षा जास्त वेळा तुरुंगात जाऊन येतात. काही जण नाही जात, हेही आहेच.

दुसरं काम कोर्टाकडे जामिनाची अट बदलून मागायच्या अर्जाचं, आणि याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवेन. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ४८४ मध्ये स्पष्ट आहे की जामिनाची रक्कम परिस्थिती बघून ठरवायची, ती अवाजवी नको. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय ती कमी करू शकतात. कलम ४९० प्रमाणे जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरायची परवानगी मागता येते. त्यामुळे अर्जात पायऱ्या पायऱ्यांनी मागा: चुलत्यांना दुसऱ्या जिल्ह्यातले असूनही स्वीकारावं, नाहीतर रोख जामीन द्यावा आणि रक्कम कमी करावी, तेही नसेल तर जातमुचलक्यावर सोडावं. अनेक कोर्टं रोख भरून घेऊन आधी सोडतात आणि जामीनदार आणायला काही आठवड्यांची मुदत देतात, तीही मागून ठेवा. चुलत्यांचा सातबारा, आधार, रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला जोडा. भावाची मजुरी किती होती, घरी कोण कोण, कर्ज किती, सावकाराचं व्याज किती, मुलं कुठल्या शाळेत होती आणि आता कुठं आहेत, हे प्रतिज्ञापत्रावर येऊ द्या. वहिनी माहेरी गेली ते सांगायला अवघड वाटेल. तरी सांगा. प्राधिकरणाला अशा कैद्याचा सामाजिक-आर्थिक अहवाल करून कोर्टापुढे ठेवता येतो, तोही मागा. पॅरालीगल घरी येऊन माहिती घेते, तेव्हा शेजारणीसमोर आवाज हळू ठेवायला सांगितलंत तरी चालतं.

रोख जामिनावर मी भर का देते, त्याला आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठी मदत योजना आहे. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार न्यायाधीन कैद्याच्या जामिनासाठी एका केसमध्ये ४० हजारांपर्यंत आणि दंड भरता न आल्यानं अडकलेल्या शिक्षा झालेल्या कैद्यासाठी २५ हजारांपर्यंत रक्कम ठरली होती; आत्ताची मर्यादा किती, ते सचिवांना विचारा. निर्णय जिल्ह्याची समिती घेते. त्यात जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, प्राधिकरणाचे सचिव, तुरुंगाचे अधिकारी आणि एक न्यायाधीश असतात. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि यूएपीएच्या (दहशतवादविरोधी कायदा) केसेस यातून वगळल्या आहेत, चोरी नाही. पण योजना पैसे देते, जामीनदार म्हणून माणूस उभा करत नाही. ऑर्डरमध्ये फक्त जामीनदाराची अट असेल तर पैसे मंजूर करायला जागाच राहत नाही आणि अर्ज नुसता फिरत राहतो. आधी ऑर्डर रोख जामिनाची करून घ्या, मग समितीकडे जा. हा क्रम उलटा झाल्यामुळे अडकलेली माणसं मी बघितली आहेत.

आणि तुम्ही स्वतः रोख भरलीच, तर पावती घरातल्याच माणसाच्या नावानं घ्या. केस संपल्यावर रक्कम परत मिळते. तेव्हा पावती वकिलाच्या कारकुनाकडे आणि तो कारकून नोकरी सोडून गेलेला, असं होऊ देऊ नका.

ते ८ हजारवाले. भाड्याचे जामीनदार. कागद बहुतेक खोटे किंवा दहा ठिकाणी वापरलेले. आधी किती जणांना जामीन राहिलोय, हे जामीनदारानं कोर्टाला सांगावं लागतं. उघडकीस आलं की भावाचा जामीन जातो, वर नवा गुन्हा. हा विषय इथंच संपवते.

आता दर महिन्याची गळती. यात सगळ्यात मोठा खड्डा प्रवासाचा. तुम्ही प्रत्येक तारखेला गावाहून येता, भाऊ दिसेल म्हणून. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा नोंदणी क्रमांक) टाकून तारीख कशासाठी आहे ते आधी बघा, आणि त्याला प्रत्यक्ष आणणार की व्हिडिओवर उभा करणार, हे वकिलांना विचारा. व्हिडिओवरच असेल तर त्या दिवशीची मजुरी बुडवू नका. भेटीसाठी ई-मुलाखत आहे, तुरुंगांच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी करायची, फुकट असते. पण महिन्याकाठी एक खरी भेट ठेवा. मोबाईलच्या पडद्यावर माणूस सगळं बरं आहे म्हणतो.

कॅन्टीनचं कळतं मला. शिक्षा झालेल्या कैद्याला आत काम आणि त्याची मजुरी मिळते, न्यायाधीन कैदी सहसा कामावर नसतो, म्हणून साबणापासून सगळा भार घरावर. पैसे मनीऑर्डरनं किंवा तुरुंगानं ठरवलेल्या मार्गानंच पाठवा, त्याच्या खात्यावर जमा होतात आणि हिशेब राहतो. "मी आत पोचवतो" म्हणणाऱ्या कुणालाही नाही. अंथरूण-पांघरूण, कपडे यांची सोय घरून होत नसेल तर ती अधीक्षकांनी करायची, हे १८९४ च्या तुरुंग कायद्यातच होतं. आणि भावाची मागणी एकदम वाढली तर त्याच्यावर चिडण्याआधी भेटीत विचारा, कुणी त्याच्याकडून वसूल करतंय का. तसं असेल तर अधीक्षकांकडे आणि सचिवांकडे लेखी तक्रार, प्रत ठेवून.

वकिलांना दिलेल्या पैशांची पावती मागा. मिळणार नाही बहुधा, तर निदान यूपीआयनं द्या. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते, तिच्या नावाखाली हजार-दोन हजार देऊ नका.

वहिनींसाठी: बाल संगोपन योजनेत आईवडिलांपैकी कुणी तुरुंगात असेल तरी मुलांना दरमहा मदत मिळू शकते. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा. भावाला पुढे शिक्षा झाली, देव न करो, तर कैद्याची पत्नी म्हणून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करता येतो. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा झालेल्यांसाठी राज्याच्या कारागृह विभागानं राज्य सहकारी बँकेबरोबर २०२२ मध्ये 'जिव्हाळा' कर्ज सुरू केलं, ५० हजारांपर्यंत, ७ टक्क्यांनं. आतल्या मजुरीतून फेड होते. कर्ज ते कर्जच, पण सावकारापेक्षा बरं.

राहिला तुमचा आवाजाचा प्रश्न. मोर्चा, निवेदन, आमदारांची भेट, सगळं करा, माझी ना नाही. पण मी बघितलंय की तुरुंगाच्या बाबतीत आकडा विचारलेला जास्त झोंबतो. तुमच्यासारखी चार-पाच घरं तुरुंगातल्या भेटीच्या रांगेत सहज भेटतील. मिळून माहिती अधिकारात अर्ज करा, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. विचारा: या तुरुंगात जामीन होऊन ७ दिवसांपेक्षा जास्त काळ आत असलेले किती? त्यांपैकी किती जणांची माहिती सचिवांना कोणत्या तारखेला कळवली? मदत योजनेच्या समितीच्या बैठका कधी झाल्या, किती अर्ज आले, किती मंजूर झाले? नावं मागू नका, ती खासगी म्हणून नाकारतील. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. उत्तरात काहीही आलं तरी ते जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधीन कैदी पुनर्विलोकन समितीला पाठवा. तिथं तुमचा भाऊ एकटा नसतो, त्याच्यासारख्या सगळ्यांची यादी असते. मुंबई भागात टीआयएसएसचा (टाटा समाजविज्ञान संस्था) 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैदी आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करतो, त्यांनाही भेटा.

तुम्हाला वेळ कमी आहे म्हणून या आठवड्यापुरतं सांगते. सोमवारी कोर्टातून जामिनाच्या ऑर्डरची प्रत काढा. नावं आणि केस नंबर झाकून जामीनदाराच्या अटीचं वाक्य जसंच्या तसं इथं टाका. 'स्थानिक' असं ऑर्डरमध्येच लिहिलंय की ते फक्त टेबलावरून तोंडी सांगितलं गेलं, हे मला बघायचंय. लिहिलं असेल तर अट बदलायचा अर्ज लागेल. नसेल तर चुलत्यांना कागद घेऊन पुन्हा उभं करायचं आणि नाकारलं तर "कारण लिहून द्या" म्हणायचं.