हाताला पोतं गुंडाळून कुत्र्याला चावायला शिकवावं का?

प्रश्न : नमस्कार सर, आमची वरुडकडे संत्र्याची बाग आहे. आंबिया बहार तोडणीला आला की रातीला चोरी होते, मागच्या साली तर मोटारीचा केबलच कापून नेला. दहा महिन्याचं जर्मन शेफर्ड आहे, माझा पुतण्या, दहावीतलं पोट्टं, हाताला बारदाना गुंडाळून त्याला चावायला लावते. परवा हात निळा पडला पण रक्त नाही आलं. कुत्र्याला चावायला शिकवताना हातात घालायची स्लीव्ह ऑनलाइन दिसते ती घेऊ का?
– एक वाचक, वरुड तालुका

उत्तर : भाऊ, ते पोतं आजपासूनच बंद करा. रक्त नाही आलं म्हणजे काही झालं नाही असं नसते, जबड्याचा दाब पोत्यातून आत जातोच, तो निळा डाग त्याचाच आहे. पोतं सैल, कुत्र्याला पकड भेटत नाही, मग ते सोडून वर धरते, पहिले मनगट मग कोपर मग दंड, आणि दंडावर तर काहीच गुंडाळलेलं नाही. सुतळीचे धागे गिळले तर आतड्यात अडकतात ते वेगळंच. पोराला कुठं ओरखडा असेल तर साबण लावून १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि रेबीजच्या लसीचं दवाखान्यात विचारा, घरचं कुत्रं आहे म्हणून सोडू नका.

खऱ्या स्लीव्हमधे आत कडक प्लास्टिकचं नाहीतर जाड चामड्याचं नळकांडं असते, मुठीत धरायला दांडी, चावायच्या जागी पाचरीसारखा उंचवटा आणि वर तागाचं घट्ट विणीचं कव्हर. तागावर दात घसरत नाही. उंचवट्यामुळे कुत्रं समोरच्या दातानं चिमटे न घेता दाढांपर्यंत तोंड भरून धरते, आणि असं धरणारं कुत्रं जागा बदलत नाही. कव्हर झिजलं की बदलावं लागते. मी स्वतः बरीच वर्षं स्लीव्ह घालून कुत्र्यांसमोर उभा राहिलो. एकदा कोपराजवळची शिवण उसवलेली दिसत होती तरी म्हटलं आजचा दिवस निघून जाईल, कुत्रं नेमकं तिथंच आलं. दोन सुळ्यांच्या खुणा अजून हातावर आहे.

पण तुम्हाला स्लीव्ह घ्या असं मी म्हणणार नाही. कुत्रं माणूस चोर आहे का हे शिकत नाही, हातावर काय आहे ते शिकते. नुसतं स्लीव्हवर वाढलेलं कुत्रं रिकाम्या हाताच्या चोराकडे पाहत पण नाही, म्हणूनच पोलिसांच्या कुत्र्यांना शर्टाच्या आत लपणारी पातळ स्लीव्ह, पूर्ण अंगाचा सूट, तोंडाला मुसकं बांधून धडक, हे सगळं शिकवावं लागते. तुमच्या कुत्र्यानं काय शिकलं, तर पोतं दिसलं की धरायचं. आता पावसात निंदणाला येणाऱ्या बाया डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन धुऱ्यावरून येतात ते डोळ्यासमोर आणा. मला तर हे वाचल्यापासून तेच दिसून राहिलं. पाळलेल्या जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मधे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, पण बाईचा हात गेला तर दंड भरून तो परत येत नाही.

बागेला भुंकणारं कुत्रं पाहिजे. राती अनोळखी पाऊल वाजलं की भुंकलं पाहिजे आणि तुम्ही ‘बस’ म्हटलं की थांबलं पाहिजे, एवढं पक्कं करा. बाग मोठी असेल तर दोन कुत्री ठेवा, मोटारीजवळ लाइट लावा. चावण्याचं काम शिकवायचंच असेल तर अनुभवी हेल्परकडे, म्हणजे स्लीव्ह घालून कुत्र्यासमोर उभा राहणाऱ्या माणसाकडे, तो नसेल तर नाहीच, आणि दहावीतलं पोरगं तर कधीच नाही.

प्रश्न : पोलिसांच्या कुत्र्यांसमोर जो पूर्ण सूट घालतात तो उन्हाळ्यात कसा सहन होते?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : होत नाही. जाडजूड सूट बारा-पंधरा किलोपर्यंत जाते, आत वारा नाही. मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री पार होते, तेव्हा हे काम पहाटे उजाडता उजाडता, तेही पाच-सात मिनिटं. माणूस घाम काढून तरी थंड होते, कुत्रं मुख्यतः धापा टाकूनच थंड होते आणि तोंडात स्लीव्ह असताना त्याला ते पण नीट जमत नाही. जीभ रुंद होऊन लोंबली, लाळ घट्ट झाली, पाय अडखळले की काम तिथंच थांबवून सावलीत घ्या, पोटावर आणि मांड्यांत साधं पाणी मारा, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरकडे न्या. नवतपात तर सूट पेटीतच राहू द्या.