आजीला नवरीसारखं का नटवलं होतं?

प्रिय चिमे,

फाल्गुनात आजी गेली त्या सकाळी तू फोनवर मला विचारलंस, "बाबा, आजीला नवरीसारखं का नटवलंय? आणि सगळ्या जणी 'भाग्याची गं बाई' का म्हणतायत?" मी "मागून सांगतो" म्हणून फोन ठेवला. त्याला सहा महिने झाले. पुढच्या आठवड्यात अविधवा नवमी आहे, म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या श्राद्धाचा दिवस, तेव्हा तू परत विचारणारच.

हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर मळवट, भरलेली ओटी. हे सगळं आजोबा जिवंत आहेत म्हणून. नवऱ्याआधी बायको गेली की ती सवाष्ण गेली म्हणायचं, कानडीत मुत्तैदे. गावातल्या बायका पाया पडून तिच्या कपाळाचं कुंकू आपल्या कपाळाला लावत होत्या. शेवटचं कुंकू आजोबांनी लावलं. हात थरथरला आणि थोडं नाकावर सांडलं. ते कुणी पुसलं नाही.

आपल्याकडं बायकांना आशीर्वाद देतात, "अखंड सौभाग्यवती भव." कळायला लागल्यावर मी त्याचा हिशोब मांडला, तेव्हा दचकलोच. तो खरा व्हायचा तर बायकोनं आधी मरायला हवं, दुसरा मार्गच नाही. आजीला हे पक्कं ठाऊक होतं. दर एकादशीला ती विठ्ठलापुढं मोठ्यानं मागायची, "यांच्या आधी मला ने." लहानपणी मला राग यायचा. आमचं काय, हे तिनं विचारलंच नाही ना!

तिचा जन्म 1938 चा. 1955 ला लग्न होऊन खानापूर तालुक्यातल्या आपल्या घरी आली, तेव्हा गाव मुंबई राज्यात होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला ते म्हैसूर राज्यात गेलं आणि 1973 ला त्याच राज्याचं कर्नाटक झालं. चूल तीच, उंबरा तोच. भांडी घासत घासत बाईनं राज्य बदललं. बाजारात कानडी, घरात मराठी. विठ्ठलाशी मराठीत बोलायची, सौंदत्तीच्या यल्लम्माशी कानडीत. (विठ्ठलालाही कानडी येत असणार, त्याला कानडा म्हणतातच की.) लिहिता येत नव्हतं, पण हरिपाठ तोंडपाठ.

आंघोळ झाली की ती पितळी करंडा घेऊन दारातल्या उजेडात बसायची. झाकणात तळहाताएवढा आरसा, त्याचा एक कोपरा उडालेला. आधी मेणाचं बोट कपाळावर गोल फिरवायचं, मग त्यावर कुंकू, मग कडा बोटानं साफ करायची. त्या वेळात कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. टिकल्यांची पाकिटं घरात आली, पण तिनं हात लावला नाही. "डिंकाचं सौभाग्य नको मला."

हे सगळं आजोबांवरच्या मायेपोटी, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. माया होतीच. पण तिची आई तिशीत विधवा झाली होती. घरातल्या प्रत्येक लग्नात ती माजघराच्या दारामागं उभी राहून अक्षता टाकायची. आजी ते बघत वाढली. देवाकडं ती जे मागत होती, त्यात त्या दारामागच्या जागेची भीतीही होती.

आणि तरी गंमत बघ, गंमत कसली म्हणा! आत्याचे यजमान गेले तेव्हा ती 34 वर्षांची. आजीनं तिला कधी टाकून बोललं नाही, पण हळदीकुंकवाला बोलावलंही नाही. यल्लम्माचा चुडा मार्गशीर्ष पौर्णिमेला उतरवतात, कारण तिचा नवरा जमदग्नी मारला गेला. माघी पौर्णिमेला देवी परत सवाष्ण होते. आजी नेहमी माघात जायची. आत्या मार्गशीर्षात जाते. एकदा मला म्हणाली, "देवीला तरी दोन महिन्यांनी चुडा परत मिळतोय." त्या सकाळी आजीला कुंकू लावायला बायका रांगेत होत्या आणि सख्खी लेक परसदारी पाणी तापवत होती. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. मी तिला पुढं बोलवायला हवं होतं. नाही बोलावलं.

आजोबा 92 चे. त्यांच्या कपाळावरून कुणी काही पुसलं नाही, फक्त आता सकाळचा चहा त्यांना आवडत नाही. नवमीला सवाष्ण जेवू घालतात, साडी आणि ओटी देतात. आजोबा आहेत तोवरच हे करायचं, अशी रीत आहे. गावी त्या दिवशी कोण जेवणार हे मी फोनवर विचारलं. आजोबा म्हणाले, "सवाष्ण कुणाला सांगायची ती सांगा. लेकीचं पान तिच्या शेजारीच मांडा." आत्या बसेल का, माहीत नाही.

करंडा मी घेऊन आलोय, आईच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. मेणावर आजीच्या बोटाचा खड्डा अजून आहे. उघडून बघ, पण बोट घालू नकोस.

तुझा
बाबा