सिलिअ‍ॅक असलेल्या मुलासाठी घरच्या ओटीजीत ब्रेड जमेल का?

जमेल, आणि डब्यात दुपारपर्यंत मऊ राहील असा जमेल. तुम्ही लिहिलंय की आठ वर्षांच्या मुलाला नुकताच सिलिअ‍ॅक (गहू, जव यांतल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) निघालाय, विकतचा ग्लूटेन-फ्री ब्रेड महाग पडतो आणि सँडविच करेपर्यंत त्याचा भुगा होतो, घरात साधा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, आहे. कोणतं पीठ वापरू आणि मुंबईत सामान कुठे मिळेल, असं विचारलंय. आमच्याकडे हा आजार माझ्या बायकोला आहे आणि घरातला ब्रेड मी भाजतो. त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पीठ कोणतं घ्यायचं यापेक्षा ते दळलं कुठे जातं, हे आधी बघा. ज्वारीत ग्लूटेन नाही, तांदळात नाही, बाजरी, नाचणी, राजगिरा, वरी यांतही नाही. पण कोपऱ्यावरच्या गिरणीत तुमच्या ज्वारीच्या आधी कुणाचे तरी पाच किलो गहू दळलेले असतात. गिरणीवाला म्हणतो, "ज्वारीची चक्की वेगळी आहे." ती वेगळी असली तरी हवेत उडणारी कणीक, डबे ओतायचं सूप आणि ब्रश एकच असतात. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ग्लूटेन-फ्री म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. गिरणीतून आलेलं पीठ या मर्यादेत बसेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

म्हणून दोनच वाटा. एक, पाकिटावर ग्लूटेन-फ्री असं स्पष्ट छापलेलं पीठ. दोन, घरघंटी, आणि त्यात आयुष्यात कधीही गहू घालायचा नाही. आम्ही दुसरी वाट धरली. ज्वारी आणली की आधी ताटात पसरून निवडायची. पोत्यातल्या धान्यात गव्हाचे दाणे सापडतात, आणि ते डोळ्यांना सहज दिसतात. मग धुऊन, कडक वाळवून दळायची. पावसाळ्यात मुंबईत धान्य वाळत नाही हे तुम्हाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर मी तयार पाकीटच वापरतो.

घरातली मोठी माणसं म्हणतील, "एवढंसं लागलं तर काय होतंय?" आमच्याकडेही म्हणाली. त्यांना हिशोब सांगा. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात गेलं तरी सिलिअ‍ॅकच्या आतड्याला इजा होऊ शकते, आणि एवढं ग्लूटेन जेमतेम अर्ध्या ग्रॅम कणकेत असतं. म्हणजे चिमूटभर. गव्हाचा या आजाराशी संबंध लागला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञामुळे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार चालू होती, ब्रेड मिळेनासा झाला होता, आणि नेमकी सिलिअ‍ॅकची मुलं त्या काळात सुधारली. ब्रेड परत आल्यावर ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. माझ्या सासूबाईंना डॉक्टरांच्या रिपोर्टपेक्षा ही हकीकत जास्त पटली. त्या दिवसापासून कणकेची परात त्या आमच्या ओट्यावर येऊ देत नाहीत.

खपली गहू चालतो असं कुणी छातीठोकपणे सांगेल. चालत नाही, तोही गहूच. मेतकुटात गहू असतो, थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी असतो, सातूच्या पिठात गहू किंवा जव असतात. डबीतला बांधानी हिंग बहुतेक वेळा मैद्यात नाहीतर गव्हाच्या पिठात बांधलेला असतो, तेव्हा वरणाच्या फोडणीपाशीही एकदा पाकीट वाचा. आणि पिठाची चाळणी नवी आणा. जाळीतली कणीक कितीही घासली तरी निघत नाही. लाकडी पोळपाट-लाटणं आणि टोस्टर यांचंही तेच.

आता ब्रेड. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की ग्लूटेनची जाळी तयार होते, यीस्टचा वायू त्या जाळीत अडकतो आणि ब्रेड फुगतो. ज्वारीत ती जाळी नाही. म्हणून तर आपण भाकरीला आधणाचं पाणी घेतो, मोदकाला उकड काढतो. गरम पाण्याने पिठातला स्टार्च चिकट होतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. ब्रेडमध्ये मात्र तेवढ्याने भागत नाही, कारण तिथे नुसतं धरून ठेवायचं नाही, ताणलंही जायचं असतं. ते काम इसबगोल करतं. तुमच्या केमिस्टकडे मिळतं तेच, फक्त साधं घ्या, संत्र्याच्या चवीचं गोड नको. परदेशातल्या पाककृतींमध्ये ज्याचं एवढं कौतुक असतं ते सिलियम म्हणजे हेच, आणि त्यातलं बहुतेक आपल्या गुजरात-राजस्थानातून जातं. गुजरातमधल्या उंझ्याला त्याची मोठी बाजारपेठ आहे. झँथन गम (पीठ धरून ठेवायला घालतात ती पावडर) हाही चालतो, पण नुसत्या गमचा ब्रेड केकसारखा भुसभुशीत होतो, आणि तुमची तक्रार नेमकी तीच आहे.

आठ इंची, उंच कडांच्या टिनसाठी माझं माप असं आहे: ज्वारीचं पीठ १३० ग्रॅम, तांदळाची बारीक पिठी ७० ग्रॅम, टॅपिओका किंवा बटाट्याचा स्टार्च १२० ग्रॅम, इसबगोल २० ग्रॅम, पाणी ३८० ग्रॅम, तेल २० ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम आणि चमचाभर व्हिनेगर. व्हिनेगर माल्टचं नको, माल्ट म्हणजे जव. मुलाच्या दुधात घालायच्या पावडरीतही माल्ट असतं, तेही बघून घ्या. वाटी-चमच्याचं माप इथे कामाचं नाही. ज्वारीचं पीठ वाटीत सैल भरलं की दाबून, यात सहज वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो. डिजिटल वजनकाटा घ्याच.

पाणी पिठापेक्षा जास्त आहे हे बघून हात आखडता घेऊ नका. घरी केलेले असे ब्रेड बहुतेकदा पाणी कमी पडल्यामुळेच बिघडतात. गव्हाच्या सवयीने आपण पीठ घट्ट भिजवतो, मग त्याला फुगायला वावच राहत नाही, वर भेग पडते आणि आत वीट होते.

कोमट पाण्यात आधी इसबगोल घालून फेटा आणि दहा मिनिटं ठेवा. सुरुवातीला तो पाण्यावर तरंगतो, मग हळूहळू सगळं पाणी पितो आणि भांड्यात एक दाट, थरथरता गोळा उरतो. चमच्याने उचललात तर तो तुटत नाही, लोंबतो. असा लोंबला की समजा, आता याच्यात वायू अडकेल. मग कोरडे जिन्नस एकत्र चाळून त्यात हा गोळा, तेल आणि व्हिनेगर घाला आणि हाताने चांगलं पाच-सात मिनिटं कालवा. पिठाच्या गाठी राहता कामा नयेत. हे मिश्रण थालिपिठाच्या पिठाइतकं सैल आणि चिकट लागतं. कोरडं पीठ भुरभुरवून ते सावरायला जाऊ नका, हात ओला करा. टिनला तेल लावून त्यात भरा आणि ओल्या हाताने वरची बाजू गुळगुळीत करा.

फुगायला एकदाच ठेवायचं. गव्हासारखं एकदा फुगवून, मोडून, परत फुगवायचं इथे काही कारण नाही. मुंबईच्या स्वयंपाकघरात मे महिन्यात चाळीस मिनिटांत काम होतं, जानेवारीत तासावर जातं. घड्याळाकडे नको, टिनकडे बघा. पीठ दीडपट झालं की ओव्हनमध्ये. दुप्पट व्हायची वाट पाहिलीत तर ते ओव्हनमध्ये बसतं आणि मधोमध खड्डा पडतो. आपल्या हवेत हा धोका जास्त. यीस्टचं पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या डबीत फ्रीझरमध्ये ठेवा, दमट हवेत ते लवकर मरतं.

ओटीजीच्या वरखालच्या दोन्ही कांड्या लावून २०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. टिन खालच्या जाळीवर ठेवा, म्हणजे ब्रेडचा मध्य ओव्हनच्या मध्याशी येतो. वीस मिनिटांनी १८० वर आणा आणि पुढे साधारण चाळीस मिनिटं भाजा. वरून आधीच काळपट व्हायला लागला तर फॉइल झाका. इसबगोलाने पाणी घट्ट धरलेलं असतं, म्हणून हा ब्रेड गव्हाच्या ब्रेडपेक्षा जास्त वेळ घेतो. वरून सोनेरी दिसला म्हणजे झाला असं नाही. प्रोब थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ९७ अंशांच्या पुढे हवं. नसेल तर वजन करा. वरच्या मापाने टिनमध्ये सुमारे ७७० ग्रॅम मिश्रण जातं. बाहेर काढलेला ब्रेड ६७० च्या आसपास भरला पाहिजे. ७०० च्या वर असेल तर टिनमधून काढून तसाच जाळीवर ठेवून आणखी दहा मिनिटं भाजा. मला तरी या वजनाच्या युक्तीएवढी भरवशाची दुसरी खूण सापडलेली नाही.

आणि मग थांबा. गरम ब्रेड कापायचा नाही, घरात कितीही वास सुटला तरी. आतला स्टार्च थंड होताना बसतो. त्याआधी सुरी घातलीत तर पात्याला चिकट लगदा लागेल आणि तुम्हाला वाटेल ब्रेड कच्चा राहिला. जाळीवर तीन तास तरी पूर्ण गार होऊ द्या. रात्री भाजून सकाळी कापणं सगळ्यात सोयीचं.

उरलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या थंडीत स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो. बाहेर ठेवलात तर आपल्या दमट हवेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. त्यामुळे सगळे स्लाइस कापून, मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये. सकाळी लागतील तेवढे काढून तव्यावर थोड्या तुपावर शेकायचे. शेकलेला स्लाइस डब्यात मोडत नाही. बटाट्याची भाजी नाहीतर चटणी-चीज, काहीही भरा.

सामानाचं म्हणाल तर टिन, यीस्ट, स्टार्च असं बेकिंगचं सगळं क्रॉफर्ड मार्केटात एका फेरीत मिळतं. सुटं मोजून दिलेलं काहीही घेऊ नका, कारण तोच चमचा मैद्याच्या पोत्यात जातो. बंद पाकीट घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा, बेकिंग पावडरीचीसुद्धा. कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतो तो पांढरा स्टार्च, आणि मक्याचं पिवळं पीठ वेगळं. एकाच्या जागी दुसरं घालू नका. टॅपिओका स्टार्च मिळाला नाही तर साबुदाणा मिक्सरमध्ये बारीक करून, चाळून वापरता येतो. साबुदाणा करतानाच तो थोडा शिजवलेला असतो, त्यामुळे पाणी जास्त पितो. वीस ग्रॅम पाणी वाढवा.

ज्वारी मात्र कमी करू नका. नुसत्या स्टार्चचा ब्रेड पांढराशुभ्र आणि देखणा होतो, विकतचे बरेचसे तसेच असतात, पण त्यात मुलाच्या अंगी लागण्यासारखं फारसं काही नसतं. सिलिअ‍ॅकच्या मुलांना लोह आधीच कमी पडतं. ज्वारीतले तीस-चाळीस ग्रॅम काढून तेवढी नाचणी घाला. रंग चॉकलेटी येतो आणि मुलं खुशीने खातात. बाजरी घालायची तर अगदी ताजी, तिचं पीठ आठवड्याभरात कडवट व्हायला लागतं.

पाव हवेत हेही तो आज ना उद्या म्हणेलच, मुंबईतला मुलगा आहे. याच मिश्रणात पाणी वीसेक ग्रॅम कमी करा, ओल्या हाताने ऐंशी ग्रॅमचे गोळे करून चौकोनी टिनमध्ये जवळजवळ लावा, वरून दुधाचा हात फिरवा आणि १९० अंशांवर अर्धा तास भाजा. लादीसारखे एकमेकांना चिकटून निघतात. पावभाजीला उत्तम. वड्यासाठी आधी कापून शेकून घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगतो. सिलिअ‍ॅक घराण्यात असतो. सख्ख्या भावंडांची आणि तुम्हा दोघांची रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या, त्रास काही नसला तरी. तपासणी होईपर्यंत त्यांचा गहू बंद करू नका. गहू सोडल्यावर रक्तातली प्रतिद्रव्यं उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. सगळ्यांचे रिपोर्ट हातात आले, की मग घरात गहू ठेवायचा की सगळ्यांनीच सोडायचा ते ठरवा.