विमानातून नियोजित जाळणी: मुलीने हे प्रशिक्षण घ्यावे का?

सप्रेम नमस्कार.

आपले पर्थहून आलेले सविस्तर पत्र मिळाले. आपली कन्या पर्यावरणशास्त्राची पदवी घेऊन पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शासकीय वनव्यवस्थापन सेवेत दोन हंगामांपासून अग्निशमन पथकात आहे. नियोजित जाळणीच्या, म्हणजे मोठे वणवे टाळण्यासाठी ठरवून आग लावण्याच्या, वेळी हेलिकॉप्टरमधून जंगलात आग लावणारे यंत्र चालवण्याचे प्रशिक्षण घेशील का, अशी विचारणा तिला आता झाली आहे. "आम्ही कोकणातले, वणवा म्हटला की विझवायला धावणारे, आमची मुलगी आकाशातून वणवा लावणार, हे करिअर आहे की जिवाशी खेळ?" असे आपण विचारले आहे. माझे मत आधीच सांगतो. तिने हे प्रशिक्षण घ्यावे. मात्र त्याला स्वतंत्र करिअर समजू नये, आणि पुढे लिहिलेल्या गोष्टींची खात्री झाल्याशिवाय उड्डाणाला बसू नये.

ही आग का लावतात, हे आपल्याला भाजावळीवरून, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा भाजण्याच्या रीतीवरून, लवकर उमगेल. वारा पाहून, कडेने माती मोकळी ठेवून, ठरल्या वेळी राब भाजणारा शेतकरी आग आपल्या हातात ठेवतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात जारा या निलगिरीच्या जातीच्या वृक्षांची जंगले आहेत आणि त्यांत दरवर्षी पाने, साली, काटक्या साचत जातात; वणव्याला तेच इंधन मिळते. जानेवारी १९६१ मध्ये पर्थच्या दक्षिणेकडील ड्वेलिंगअप हे गाव वणव्यात जळून गेले. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने नियोजित जाळणी वाढवण्याची शिफारस केली. परंतु योग्य वारा, योग्य आर्द्रता आणि पुरेसा कोरडेपणा एकत्र येतील असे दिवस थोडे असतात आणि पायी फिरून एवढे क्षेत्र पेटवणे शक्य नसते. म्हणून १९६५ मध्ये तेथील वनखाते आणि सीएसआयआरओ ही राष्ट्रीय संशोधन संस्था यांनी विमानातून आग लावण्याची पद्धत प्रत्यक्षात आणली. आज त्या भागात वर्षाला २ लाख हेक्टर जाळणीचे उद्दिष्ट असते, आणि आपली कन्या ज्या कामाला निघाली आहे ते याच परंपरेतले आहे.

आता यंत्राविषयी, कारण आपली खरी भीती तेथेच आहे. पिंगपाँगच्या चेंडूहून लहान अशा प्लास्टिकच्या गोळ्यांत पोटॅशियम परमँगनेट भरलेले असते. आपल्याकडे विहिरीत टाकत तीच ही जांभळी पूड. यंत्र प्रत्येक गोळीत सुई खुपसून इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे मोटारीच्या कूलंटमध्ये असतो तो द्रव, सोडते आणि गोळी लगेच खाली टाकते. दोन्ही पदार्थांची अभिक्रिया होऊन साधारण अर्ध्या मिनिटात गोळी पेट घेते, तोवर ती जमिनीवर पोहोचलेली असते. सारी सुरक्षितता या अर्ध्या मिनिटावर उभी आहे. सुई टोचलेली गोळी यंत्रातच अडकली, तर आग जंगलाऐवजी हेलिकॉप्टरमध्ये लागते. म्हणून यंत्राला स्वतःची पाण्याची टाकी असते. गोळी अडकताच यंत्राच्या चालकाने वैमानिकाला सांगायचे, नव्या गोळ्यांचा पुरवठा बंद करायचा, यंत्रात पाणी सोडायचे आणि अडथळा काढायचा; आणि आग आवरत नसेल तर अखेरीस पूर्ण यंत्रच बाहेर टाकून द्यायचे. हा क्रम विचार करून आठवावा लागू नये, हातात बसलेला असावा, आणि तो जमिनीवर पुनःपुन्हा केल्याशिवाय बसत नाही. फुटलेल्या गोळीची सांडलेली पूड आणि गळालेला ग्लायकॉल यांची केबिनमध्ये गाठ पडू नये, म्हणून प्रत्येक फेरीनंतर यंत्र स्वच्छ करणे हेही चालकाचेच काम असते. ते कंटाळवाणे आहे, आणि तिचे प्रशिक्षक त्याबाबत किती कडक आहेत यावरून मी त्या प्रशिक्षणाची पारख करीन.

हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या मशालीतून घट्ट केलेले पेट्रोल टाकण्याचीही एक पद्धत आहे. तिचा मोठा धोका जमिनीवर, इंधन मिसळताना आणि भरताना असतो. त्या पद्धतीचे प्रशिक्षण वेगळे असते आणि आपल्या कन्येने सध्या त्यात पडू नये.

चालकाने गोळ्या नुसत्या टाकायच्या नसतात. हेलिकॉप्टर ताशी ११० किलोमीटर वेगाने जात असेल, तर सेकंदाला सुमारे ३० मीटर अंतर कापले जाते; दर दोन सेकंदांना एक गोळी टाकली तर दोन ठिणग्यांमध्ये साधारण ६० मीटर अंतर राहते. वेग निम्मा झाला आणि यंत्राची गती तीच राहिली, तर अंतर ३० मीटरवर येते. जवळजवळच्या आगी एकमेकींना ओढून घेतात आणि त्या जिथे भिडतात तिथे ज्वाळा उंच जाऊन झाडांचे शेंडे होरपळतात. जाराच्या जंगलात ठिणग्यांची जाळी अशी आखतात की वेगवेगळ्या आगी संध्याकाळी, हवा दमट आणि गार होत असताना, एकमेकींना मिळाव्यात. हे गणित पुस्तकातून समजते; परंतु धूर कोणत्या बाजूला झुकतो आहे आणि आग आखलेल्या हद्दीकडे सरकते आहे का, हे ओळखणारी नजर जमिनीवर आगीशेजारी उभे राहूनच येते. आपल्या कन्येचे दोन हंगाम म्हणूनच मला तिच्या पदवीइतके मोलाचे वाटतात.

धोका लपवणे मला योग्य वाटत नाही. या कामात हेलिकॉप्टर कमी उंचीवर आणि हळू उडते, त्यामुळे इंजिन बंद पडल्यास सावरायला वैमानिकाकडे फार थोडा वेळ उरतो. अमेरिकेत मार्च २०१५ मध्ये मिसिसिपी राज्यात आणि मार्च २०१९ मध्ये टेक्सासमध्ये याच कामावरची हेलिकॉप्टरे कोसळली. पहिल्या अपघातात दोघांचा आणि दुसऱ्यात एकाचा मृत्यू झाला. चालक कितीही कुशल असला तरी हा धोका त्याच्या हातात नसतो. तो कमी करण्याचे मार्ग साधे आहेत: आवश्यक तेवढीच माणसे विमानात घेणे, हार्नेस, हेल्मेट आणि आग न धरणारे कपडे घालणे, आत घालायलाही वितळणाऱ्या कृत्रिम धाग्याचे कपडे टाळणे, आणि वारा किंवा यंत्र मनासारखे नसेल तर उड्डाण रद्द करणे.

दुसरी जोखीम जबाबदारीची आहे आणि तिच्याविषयी घरात क्वचितच बोलले जाते. नोव्हेंबर २०११ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच मार्गारेट रिव्हर परिसरात नियोजित जाळणीची आग हाताबाहेर जाऊन तीसहून अधिक घरे जळाली आणि सरकारला विशेष चौकशी नेमावी लागली. आग कधी लावायची हे चालक ठरवत नाही, परंतु ती लावणाऱ्या साखळीत तो असतो. "थांबा" हा शब्द पथकातील सर्वात नव्या माणसालाही उच्चारता आला पाहिजे. आपल्या कन्येला वरिष्ठांसमोर, रेडिओवर, स्पष्ट आवाजात तो म्हणता येईल का, हे आपण तिच्याशी मोकळेपणाने बोलावे. माझ्या दृष्टीने तिची योग्यता ठरवणारा हाच मुख्य निकष आहे. तिचे स्त्री असणे किंवा शरीरयष्टी हा नव्हे, जरी आपल्या पत्राचा रोख थोडा तिकडे असला तरी.

करिअर म्हणून पाहिले, तर या कामाचे दिवस मुख्यतः वसंत आणि शरद ऋतूंत असतात आणि वर्षभराचा पगार केवळ त्यावर मिळत नाही. त्याचे मोल पुढच्या वाटेत आहे. जाळणीचा आराखडा करणारे अधिकारी, आगीच्या वर्तनाचे विश्लेषक, हवाई मोहिमांचे समन्वयक अशा पदांकडे जाताना हा अनुभव ठळकपणे मोजला जातो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील वेस्ट आर्नहेम लँड या भागात आदिवासी रेंजर्स २००६ पासून कोरड्या ऋतूच्या आरंभीच जाळणी करून नंतरचे मोठे वणवे आणि त्यांतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवत आहेत. तेथेही हेलिकॉप्टरमधून गोळ्या टाकल्या जातात. शिवाय अशाच गोळ्या आता ड्रोनमधूनही टाकता येतात, ज्यात माणूस हवेत जातच नाही. म्हणून तिने याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या नागरी विमान सुरक्षा प्राधिकरणाचा दूरस्थ वैमानिक परवाना मिळवण्याची तयारी सुरू करावी, असे मी आग्रहाने सुचवतो.

होकार कळवण्यापूर्वी तिने प्रशिक्षकांना विचारावे की अडकलेल्या गोळीचा सराव जमिनीवर किती वेळा करून घेतला जाईल, पहिल्या उड्डाणांत अनुभवी चालक सोबत असेल का, आणि उड्डाणास नकार दिल्यास त्याची नोंद तिच्याविरुद्ध जाईल का. उत्तरे गुळमुळीत आली तर पुढच्या हंगामापर्यंत थांबावे. दोन हंगामांनंतर तिसरा जमिनीवर काढण्यात तिचे काहीच नुकसान नाही. बाजूला वळून, खाली पाहत, धुरातून घिरट्या घालताना अनेकांना मळमळते. तिला प्रवासात तसा त्रास होत असेल तर तिने तो आधीच सांगावा.

उड्डाणापूर्वी तिने रोज घरी फोन करावा, अशी आपल्या पत्नींची इच्छा आहे. माझी विनंती आहे की तो फोन दिवस संपल्यावरचा असावा. हवामानामुळे उड्डाणाच्या वेळा सतत मागेपुढे होतात. हेलिकॉप्टर कुठे आहे याची नोंद तळावरचे लोक रेडिओवरून ठेवत असतात. उड्डाणाआधीचा वेळ तिला यंत्र तपासायला मोकळा मिळावा.

आपला,
करिअर मार्गदर्शक