बायोलॉजी सुटलं तरी प्रथिनांचा ध्यास सोडू नकोस

सांगलीहून टी.वाय.बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या विद्यार्थिनीनं विचारलंय: "बारावीनंतर बायोलॉजी सुटलं. पण प्रथिनं पेशीत नेमकं काय करतात, हे शोधायला आवडेल. एम.एस्सी. बायोटेकला जाऊ का?"

नको. तुझा प्रश्न केमिकल बायोलॉजीचा आहे, म्हणजे रसायनांच्या मदतीनं पेशी समजून घेण्याचा. तुझं ऑरगॅनिक हेच इथलं भांडवल आहे. एन्झाइमचं (पेशीतली क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचं) काम त्यातल्या एखाद्या सिस्टीनवर, म्हणजे गंधक असलेल्या अमिनो आम्लावर, अवलंबून आहे का, हे बघायला त्याच्या गंधकाला मॅलेइमाइड हे गंधकाशी जुळणारं रसायन जोडतात आणि क्रिया थांबते का ते मोजतात. थांबली म्हणून लगेच निष्कर्ष काढायचा नाही. जोडलेल्या गटानं प्रथिनाचा आकारही बिघडलेला असू शकतो. म्हणून दुसऱ्या नळीत आधी सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ), मग मॅलेइमाइड. क्रिया टिकली, तर सब्स्ट्रेटनं सिस्टीन झाकलं, म्हणजे ते सक्रिय स्थानाजवळ (जिथं क्रिया घडते तिथं) असावं. तरीही त्याच्या जागी सेरीन हे गंधक नसलेलं अमिनो आम्ल घातलेलं प्रथिन तपासायलाच हवं.

प्रयोग फसतात ते बहुतेकदा बफरपायी. मॅलेइमाइडला पीएच ६.५ ते ७.५ लागतो, त्यावर गेलं की ते लायसिन या अमाइन असलेल्या अमिनो आम्लालाही चिकटतं. प्रथिन साठवताना घातलेलं डीटीटी काढायचं राहिलं, तर त्याचेच थायॉल (गंधकाचे गट) सगळं मॅलेइमाइड गिळतात. लायसिनसाठी एनएचएस एस्टर (अमाइनला जोडणारं रसायन) घेतलास तर ट्रिस बफर नको, ट्रिस स्वतःच अमाइन आहे. आणि हा एस्टर कोरड्या डीएमएसओ या द्रावकात ऐन वेळी विरघळवायचा: पाण्यात पीएच ८.६ ला, ४ अंशांवर ठेवूनही तो साधारण १० मिनिटांत निम्मा संपतो.

जिवंत पेशीत अल्काइनची छोटी शेपटी असलेला प्रोब, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू, सोडतात. मग पेशी फोडून तांब्याच्या मदतीनं चमकणारा अझाइड जोडतात आणि प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पट्टे बघतात. तांबं पेशींना विषारी, म्हणून ते फोडल्यावरच. तांब्याशिवाय चालणारी पद्धत रसायनशास्त्रज्ञ बर्टोझी यांनी दिली. २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना, मेल्डाल आणि शार्पलेस यांना मिळालं. एका नळीत आधी इन्हिबिटर (प्रथिनाची ती जागा अडवणारा रेणू) घालून पट्टा पुसट होतो का, हे न पाहता पट्ट्यावर विश्वास ठेवू नकोस.

तू जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेचा केमिस्ट्रीचाच पेपर दे. त्यातून आयआयटींचं एम.एस्सी. किंवा बंगळूरच्या आयआयएससीचं इंटिग्रेटेड पीएच.डी. मिळू शकतं. उन्हाळी प्रकल्पासाठी पुण्याच्या आयसर आणि एनसीएल या संशोधन संस्थांमधल्या केमिकल बायोलॉजीच्या प्राध्यापकांना लिही. पत्रात त्यांचा एखादा पेपर वाचून पडलेला एक नेमका प्रश्न असू दे. बायोलॉजीपैकी आत्ता एवढंच कर: वीस अमिनो आम्लांच्या साइड चेन आणि त्यांचे पीकेए (कोणत्या पीएचला त्या प्रोटॉन सोडतात ते). सिस्टीनचा सुमारे ८.३, लायसिनचा १०.५. वरचे पीएच तसे का, ते तुझं तुलाच उलगडेल.